नाममुद्रा : प्रेरणादायी वक्त्याचं नाव कसं घडतं?



डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या शाळांमध्ये कार्यक्रमांचा हंगाम असतो. स्नेहसंमेलन, पालक मेळावा, दहावीचा निरोप समारंभ, करिअर मार्गदर्शन. पत्रिकेवर एका नावाखाली हमखास छापलेलं असतं, 'सुप्रसिद्ध प्रेरणादायी वक्ते'. अलीकडे या वक्त्यांमध्ये आपले शिक्षकही बरेच दिसू लागले आहेत. त्यात आश्चर्य काहीच नाही. बोलणं हे आपलं रोजचं कामच आहे. चाळीस मुलांना सलग पस्तीस मिनिटं धरून ठेवणाऱ्या माणसाला माईकची भीती कसली?

पण याच शिक्षकांच्या मोबाईलवर आता 'तुमचा पर्सनल ब्रँड तयार करा' अशा जाहिराती येतात. लोगो बनवा, टॅगलाइन ठरवा, रोज एक रील टाका, कोट घालून फोटो काढा. हे सगळं केलं की वक्ता तयार होतो का? आपल्याच मातीत ज्यांचं नाव बोलण्यातून मोठं झालं, त्यांचं नाव नेमकं कशावर उभं होतं? आणि त्यातून आपण, वक्ता म्हणून किंवा वक्त्याला बोलावणारी शाळा म्हणून, काय शिकायचं? आजच्या पाठात हेच पाहूया.

१) 'ब्रँड' म्हणजे काय?

इंग्रजीतल्या 'ब्रँड' या शब्दाचं मूळ आगीशी जोडलेलं आहे. जनावर कोणाचं आहे हे ओळखू यावं म्हणून तापलेल्या लोखंडाने त्याच्या अंगावर खूण उठवत. आपल्याकडे त्याला डागणं म्हणतात. पुढे ही खूण मालावर आली, मग कंपनीच्या नावावर. माणसाने स्वतःलाच ब्रँड समजावं हा विचार लोकप्रिय झाला तो १९९७ मध्ये. अमेरिकेतले व्यवस्थापन लेखक टॉम पीटर्स यांनी 'फास्ट कंपनी' या मासिकात त्यावर लेख लिहिला. प्रत्येकाने आपली वेगळी ओळख ठरवावी आणि ती लोकांपर्यंत पोचवावी, असं त्याचं सार होतं.

आपल्याकडे याहून जुना आणि गोड शब्द आहे, नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव गुंफतात ती नाममुद्रा. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, हे कोणाचं बोलणं आहे. फरक एवढाच की अभंगात नाममुद्रा शेवटी येते. आधी सांगायचं ते सांगून झालेलं असतं.

२) आपल्या परिसरातली चार नावं

संत एकनाथ (१५३३–१५९९). आपल्या शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या पैठणचे. नाथांची नाममुद्रा पाहा, 'एका जनार्दनी'. स्वतःचं नाव अर्धं, आणि त्याला जोडून गुरू जनार्दनस्वामींचं नाव. जनार्दनस्वामी देवगिरीचे, म्हणजे आजच्या दौलताबादचे किल्लेदार. एकनाथ तिथे राहून शिकले. मी कोणाकडून शिकलो हे नावातच सांगणारा हा माणूस आहे. पुढे त्यांनी भारुडं रचली. त्यात जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, भोळीभाबडी बाई बोलते. श्रोता ज्या भाषेत जगतो त्याच भाषेत त्याला सांगायचं, हे सूत्र त्यामागे होतं. पण भारुडांसोबत आणखी एक काम लक्षात ठेवायला हवं. नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तपासून १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे टाळ्या मिळवणारं काम नव्हतं. बसून, अक्षर अक्षर तपासून करायचं काम होतं. बोलणाऱ्याच्या मागे अभ्यास असा असतो.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६). अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा पोशाख आणि सोबत मातीचं गाडगं. लोकांनी त्या गाडग्यावरूनच नाव ठेवलं. आजचा सल्लागार म्हणेल, काय जबरदस्त ब्रँडिंग! पण त्या वस्तूंचा उपयोग बघा. गाडग्यात ते जेवत. खराट्याने गाव झाडत. गावात आल्यावर आधी झाडलोट आणि मग रात्री कीर्तन, हा त्यांचा शिरस्ता. दिवसभर लोकांनी त्यांना घाण उपसताना पाहिलेलं असे, म्हणून रात्री स्वच्छतेवर बोललेलं पटत असे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आपण अध्यापन पद्धतीत जी प्रश्नोत्तर पद्धत शिकलो तीच ही. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि त्या आजही पाहता येतात. २००० मध्ये राज्य सरकारने ग्रामस्वच्छतेचं अभियान सुरू केलं, तेव्हा नाव कोणाचं द्यायचं हा प्रश्नच पडला नसेल.

प्राचार्य शिवाजीराव भोसले (१९२७–२०१०). तत्त्वज्ञानाचे अध्यापक, फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. महाराष्ट्रभर त्यांनी व्याख्यानं दिली. व्याख्यानमाला म्हणजे काय हे ज्यांना त्यांच्यामुळे कळलं अशी एक पिढी आहे. आता गंमत पाहा. पदाने ते कुलगुरूपर्यंत गेले, पण लोक त्यांचं नाव घेताना आजही 'प्राचार्य शिवाजीराव भोसले' असंच म्हणतात. हा किताब कोणी ठरवून चिकटवलेला नाही. एका तालुक्याच्या गावी, एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं केलेल्या कामातून तो नावाला लागला. व्याख्यान हा त्यांच्या अध्यापनाचाच पुढचा भाग होता.

सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२). वर्ध्याच्या. शिक्षण चौथीपर्यंत. अनाथ मुलांचा सांभाळ हे काम, आणि त्या कामासाठी गावोगाव भाषणं. बोलायचं आणि शेवटी पदर पसरून मुलांसाठी मागायचं. नऊवारी नेसलेल्या या बाईंचं भाषण ज्यांनी ऐकलं, त्यांना ती मागणी कशासाठी आहे हे विचारावं लागलं नाही. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

चारही नावांत समान काय सापडतं? प्रत्येकाचं एक काम होतं आणि ते लोकांना डोळ्यांनी दिसत होतं. बोलणं त्या कामातून निघालं. खूण, मग ती नाममुद्रा असो, गाडगं असो की 'प्राचार्य' हा शब्द, सगळ्यात शेवटी तयार झाली.

परदेशातलं उदाहरणही असंच आहे. डेल कार्नेगी यांचं पुस्तक गाजलं १९३६ मध्ये. पण न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये प्रौढांना भाषण शिकवण्याचे त्यांचे रात्रवर्ग सुरू झाले होते १९१२ मध्ये. म्हणजे पुस्तकाआधी चोवीस वर्षं वर्गावर तास घेतलेले. शिक्षकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

३) एका तासाच्या भाषणाने काय होतं?

वक्ता व्हायचं असेल तर आपल्या शब्दाची ताकद किती, हे प्रामाणिकपणे माहीत असायला हवं. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी मांडलेली 'बुद्धी प्रयत्नाने वाढते' ही कल्पना अनेक प्रेरणादायी भाषणांत येते. यावर अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांसोबत मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काळजीपूर्वक तयार केलेली दोन छोटी ऑनलाइन सत्रं, मिळून तासाभराच्या आतली. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी सुमारे ०.१ गुणाने वाढली. म्हणजे फायदा झाला, पण थोडासा. त्यातही ज्या शाळांत सोबतच्या मुलांचं वातावरण पोषक होतं तिथे जास्त. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या अशाच एका चाचणीत मात्र भाषा-गणितात जादा प्रगती दिसली नाही.

यातून आपण काय घ्यायचं? शब्दाने दार किलकिलं होतं. आत जाण्यासाठी दुसऱ्या दिवशीचा वर्ग, शिक्षक, वही, घरचं जेवण, एसटीची वेळ हे सगळं लागतं. 'एका तासात आयुष्य बदलेल' असं पोस्टरवर लिहिणारा वक्ता आपल्याकडे नसलेली वस्तू विकत असतो.

४) मुलांचे अश्रू आणि आपला ब्रँड

आता जरा नाजूक विषय. शाळांमधल्या भाषणांचा एक ठरलेला साचा झालाय. मंद संगीत लावायचं. मुलांना डोळे मिटायला सांगायचं. 'बापाच्या पायाच्या भेगा आठवा, आईचा फाटका पदर आठवा.' मुली हुंदके देऊ लागतात, मोबाईल पुढे येतात, आणि संध्याकाळपर्यंत रील तयार.

आपल्या मराठवाड्यातला वर्ग डोळ्यांसमोर आणा. कर्जापायी ज्याच्या वडिलांनी आयुष्य संपवलं असं लेकरू त्यात असू शकतं. ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि जे आजीजवळ राहतं असं लेकरू असतं. ज्याला घरी दारूचा मार बसतो असंही असतं. या लेकराने डोळे मिटून नेमकं काय आठवायचं? वक्ता शाल-श्रीफळ घेऊन पुढच्या गावी जातो. उघडी पडलेली जखम घेऊन ते मूल दुसऱ्या दिवशी परिपाठाला आपल्यासमोर उभं असतं.

दुसरा साचा म्हणजे 'जिद्द असेल तर गरिबी आड येत नाही.' ऐकायला छान वाटतं. पण सहा महिने कारखान्याच्या फडावर राहून आलेल्या मुलीचा गणिताचा पाया कच्चा राहिला, तर तिने काय समजायचं? माझी जिद्दच कमी? ज्यांची जिद्दीची गोष्ट आपण सांगतो, त्यांना कोणीतरी वसतिगृह दिलेलं असतं, कोणीतरी फी भरलेली असते, एखाद्या बाईंनी संध्याकाळी बसवून शिकवलेलं असतं. ती मदतही गोष्टीत यायलाच हवी. म्हणजे मुलाला कळतं की मदत मागणं ही कमजोरी नाही, आणि ती कुठे मागायची हेही कळतं.

रडणाऱ्या मुलाचा चेहरा आपल्या प्रसिद्धीसाठी वापरणं तर सरळ चुकीचं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हे तत्त्व घालून दिलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक साधा प्रश्न विचारा. हे मूल माझं असतं तर हा व्हिडिओ मी टाकला असता का?

५) वक्ता व्हायचंय? मग क्रम असा ठेवा

पहिली पायरी – एक विषय. 'यश', 'सकारात्मकता' हे विषय नाहीत, ती शीर्षकं आहेत. तुम्ही ज्यात हात मळवलेत तो विषय घ्या. पहिलीच्या मुलांना वाचायला कसं शिकवावं. भागाकाराची भीती. स्थलांतरित मुलांचं शिक्षण. एका विषयावर तुमचं नाव निघालं पाहिजे, 'अमुक ना, मग त्या मॅडमना विचारा.' ब्रँड ब्रँड म्हणतात तो एवढाच.

दुसरी पायरी – जवळचं व्यासपीठ. रोजचा परिपाठ, महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद, पालक सभा. परिपाठात तीन मिनिटं नेमकं बोलता आलं की तीस मिनिटांचं भाषण जमतं. पालक सभेत मागच्या रांगेतली आजी मान डोलावते का, ते बघा. ती सर्वांत खरी परीक्षक.

तिसरी पायरी – शिदोरी. आपल्या वर्गाची नोंदवही ठेवा. काय केलं, काय साधलं, काय नाही. मोबाईलवर फिरणारी कुठल्यातरी मोठ्या माणसाची गोष्ट खातरजमा केल्याशिवाय सांगू नका. मुलं आपलं बोलणं खरं मानतात. आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव घ्या. नाथांनी तर ते आपल्या नावातच गुंफलं.

चौथी पायरी – खूण. नाव एकाच पद्धतीने लिहा, साधा फोटो, दोन ओळींची खरी ओळख, आणि आपल्या विषयावरचे लेख किंवा छोटे व्हिडिओ नियमित टाका. हे जरूर करा, त्यात वावगं काही नाही. शोधणाऱ्याला तुम्ही सापडायला हवं. फक्त हा चौथा क्रमांक आहे, पहिला नाही.

६) तीस मिनिटांच्या भाषणाचा नमुना आराखडा

विषय : परीक्षेची भीती. श्रोते : आठवी ते दहावी.

पहिली पाच मिनिटं – ओळख आणि प्रश्न. 'कोणत्या विषयाचा पेपर समोर आला की पोटात गोळा येतो?' उत्तरं फळ्यावर लिहा.

पुढची दहा मिनिटं – एकच गोष्ट, तपशिलासह. अडचण काय होती, कोणी मदत केली, काय जमलं, काय शेवटपर्यंत जमलं नाही.

पुढची दहा मिनिटं – हाताला काम. प्रत्येकाने वहीत एक कठीण वाटणारा धडा लिहायचा आणि उद्या त्यातलं पहिलं अर्ध्या तासाचं काम कोणतं, तेही लिहायचं. शेजाऱ्याला वाचून दाखवायचं.

शेवटची पाच मिनिटं – प्रश्न. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांच्यासाठी चिठ्ठीचा डबा. त्यातल्या काळजीच्या चिठ्ठ्या वर्गशिक्षकांकडे विश्वासाने सोपवायच्या, माईकवर वाचायच्या नाहीत.

महिन्याने त्याच शाळेत फोन करून विचारा, किती मुलांनी ते अर्ध्या तासाचं काम केलं? भाषण कसं झालं ते या उत्तरावरून ठरेल.

७) पैसा, परवानगी आणि हिशेब

मानधन घेण्यात लाज नाही. प्रवास, तयारी, वेळ सगळ्याला किंमत असते. पण आपण शिक्षक आहोत, म्हणून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे 'विद्यार्थ्यांसाठी सशुल्क कोर्स' काढण्याआधी दहादा विचार करा. आणि जिल्हा परिषद, महापालिका किंवा अनुदानित शाळेत नोकरीला असाल तर मानधनाच्या व्याख्यानासाठी आधी लेखी परवानगी मागा. शाळेच्या वेळेत दुसऱ्या गावी भाषण आणि आपला वर्ग मात्र वाऱ्यावर, असं झालं तर प्रेरणा द्यायची कोणत्या तोंडाने?

नाथांची एक गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. गुरूंकडे असताना हिशेबात एक पै जुळेना म्हणून ते रात्रभर जागले आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळ्या पिटल्या. दंतकथा असेल, पण चारशे वर्षं लोकांनी ती जपलीय. लोक वक्त्याचा हिशेब ठेवतात.

८) बोलावणाऱ्या शाळेसाठी आणि पालकांसाठी पाच प्रश्न

मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी वक्ता ठरवताना एवढं विचारावं.

१. या व्यक्तीचं बोलण्याव्यतिरिक्त काम काय आहे, आणि ते कुठे पाहता येईल?
२. आधी ज्या शाळेत बोलल्या, तिथले शिक्षक काय सांगतात?
३. मुलांकडून वर्गणी, पुस्तक खरेदी किंवा कोर्सची नोंदणी होणार आहे का?
४. मुलांचे फोटो आणि चित्रीकरण कोण करणार, ते कुठे जाणार, पालकांची संमती घेतली का?
५. कार्यक्रमानंतर एखादं मूल अस्वस्थ झालं तर त्याच्याशी कोण बोलणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर कार्यक्रमाआधी ठरलेलं असलंच पाहिजे. आणि गावातच असलेल्या वक्त्यांना विसरू नका. आपल्या शाळेतून शिकून परिचारिका झालेली मुलगी, तालमीतले वस्ताद, मोसंबीची बाग जगवणारे शेतकरी काका. त्यांना सफाईदार बोलता येणार नाही. पण मुलं त्यांना उद्याही गावात भेटतील, आणखी एक प्रश्न विचारू शकतील.

९) स्वाध्याय

शिक्षकांसाठी : एका कागदावर तीन वाक्यं लिहा. 'मी अमुक काम करतो. ते अमुक ठिकाणी दिसतं. त्यावर मला अमुक सांगायचं आहे.' पहिली दोन वाक्यं लिहिताना पेन अडखळला तर तिसऱ्याची घाई करू नका, आधी वर्ग सांभाळा.

पालकांसाठी : तुमच्या मुलाने ऐकलेल्या शेवटच्या भाषणाबद्दल त्याला विचारा, 'त्यांनी तुला काय करायला सांगितलं?' 'खूप रडवलं' किंवा 'खूप हसवलं' एवढंच उत्तर आलं तर पुढच्या व्यवस्थापन समितीच्या सभेत वरचे पाच प्रश्न घेऊन जा.

वर्गासाठी : मुलांना आपापली नाममुद्रा सुचवायला सांगा. अट एकच, नावासोबत ज्याने आपल्याला काहीतरी शिकवलं अशा एका माणसाचं नाव जोडायचं. कोण कोणाचं नाव जोडतं ते शांतपणे ऐका. कोणी आजीचं जोडेल, कोणी सायकलच्या दुकानातल्या दादाचं. तुमचं नाव त्यात आलं, तर तेवढं प्रमाणपत्र पुरे आहे.